घोडदळातील पूर्वजाची चाकरी आणि समाधी: अठराव्या शतकातील मराठा स्वाराचा माग कसा काढावा

आपला एखादा पूर्वज पेशवाईत घोडदळात होता, ही आठवण महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांत आहे. तो कोणाच्या पथकात होता, किती घोडी बाळगून होता, कोणत्या स्वारीत पडला आणि त्याची समाधी कोठे आहे, असे विचारले की मात्र उत्तर बहुतेक वेळा पानिपतावर येऊन थांबते. उदगीर, राक्षसभुवन, धारवाड किंवा खर्डा येथे कोणाचे पूर्वज गेलेच नव्हते की काय, असे वाटावे इतका पानिपताचा भर आपल्या घराण्यांच्या आठवणीत आहे. हा लेख मोडी न येणाऱ्या, दफ्तरखान्याची पायरी न चढलेल्या, परंतु चिकाटीने काम करण्याची तयारी असलेल्या वाचकासाठी आहे.

आरंभीच क्रमाविषयी सांगणे आवश्यक आहे. बहुतेक नवशिके समाधीपासून सुरुवात करतात. गावाबाहेरचा एखादा निनावी चौथरा सापडतो आणि त्याला पूर्वजाचे नाव चिकटते. काम याच्या उलट दिशेने करावे. आधी घरातील माहिती, मग पूर्वजाचा पथकप्रमुख, त्यानंतर हिशेबाचे कागद, त्यांतून मृत्यूचा काळ आणि ठिकाण, आणि सर्वांत शेवटी दगड. या क्रमात सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे पैसा होय. लढाईचे वर्णन करणाऱ्या पत्रांत सामान्य शिलेदाराचे नाव क्वचितच येते. पण त्याला दिलेली नालबंदी (मोहिमेच्या तयारीची आगाऊ रक्कम), त्याच्या मेलेल्या घोड्याची किंमत आणि त्याच्या मुलाला मिळालेली बालपरवेशी (पालनाची नेमणूक) यांचा हिशेब कारकुनाने ठेवलेला असतो.

घरातून सुरुवात

पहिल्या टप्प्यावर चार गोष्टी एका कागदावर लिहून घ्याव्यात: पूर्वजाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, मूळ गाव आणि घराण्याकडे असलेले वतन. आडनावावर मात्र सर्वांत कमी भिस्त ठेवावी. जुन्या कागदांत ‘संताजी बिन राणोजी’ अशी नोंद असते आणि पुढे गावाची पाटीलकी किंवा देशमुखी लिहिलेली असते. आज वापरात असलेले आडनाव तेथे असेलच असे नाही. कोणी गावावरून, कोणी किताबावरून, तर कोणी वतनावरून आडनाव नंतर घेतलेले असते. वंशावळ मांडताना एका पिढीला साधारण पंचवीस ते तीस वर्षे धरली, तर 1760 च्या सुमाराचा पूर्वज आजच्या प्रौढ माणसापासून आठ-नऊ पिढ्या मागे पडतो. घरची वंशावळ पाचच पिढ्यांत पेशवाईपर्यंत पोहोचत असेल, तर मधली नावे गळालेली आहेत, असे खुशाल समजावे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे दोन माणसे एक होऊन बसण्याचा प्रकारही फार होतो.

देवघर नीट पाहावे. देवांच्या टाकांबरोबर घोडेस्वाराचा, ज्याला घरात ‘वीर’ म्हणतात तो टाक असेल, तर घराण्यातील कोणी तरी लढाईत पडल्याची ती खूण असू शकते. काही भागांत होळी-धुळवडीच्या सुमारास असे वीर मिरवले जातात; कोणत्या घराचा वीर मिरवणुकीत असतो आणि तो कोठून कोठे नेला जातो, हे गावातील वयस्कर माणसांना विचारून टिपावे. दुसरी खूण श्राद्धाच्या तिथीत सापडते. शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात. घराण्यात या दिवशी कोणासाठी पान वाढले जात असेल, तर त्या नावामागे लढाई, खून किंवा अपघात असण्याचा संभव आहे. वर्षातील एखाद्या विशिष्ट तिथीला होणारे श्राद्ध याहून मोलाचे असते, कारण ती तिथी पुढे कागदातील तारखेशी ताडून पाहता येते.

दक्षिण महाराष्ट्रातील घराण्यांनी हेळव्यांना विसरू नये. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या पट्ट्यात हेळवी पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगत आणि लिहीत आले आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, पुष्कर आणि हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचेही तेच. यात्रेला किंवा अस्थिविसर्जनाला आलेल्या माणसाने आपले नाव, गाव, वडील, आजोबा, भाऊ आणि मुले यांची नोंद उपाध्यायाच्या वहीत करायची, ही जुनी रीत आहे. उत्तरेच्या मोहिमांवर गेलेले स्वार वाटेतील क्षेत्रांत थांबत, त्यामुळे नाशिकच्या वहीत नसलेला माणूस प्रयागच्या किंवा पुष्करच्या वहीत आढळू शकतो. वहीतील मूळ पानाचे छायाचित्र घ्यावे. उपाध्यायांनी तोंडी वाचून दाखवलेल्या मजकुरावर थांबू नये, कारण पुष्कळदा ती नंतर उतरवलेली प्रत असते आणि उतरवताना नावे बदलतात.

तो नेमका कोण होता

‘सरदार’ हा शब्द घराण्यांच्या बोलण्यात फार सैल वापरला जातो. कागद शोधण्यासाठी दर्जा नेमका ठरवावा लागतो, कारण दर्जानुसार कागदाचा प्रकार बदलतो. बारगीर म्हणजे दुसऱ्याच्या, सरकारच्या किंवा पथक्याच्या घोड्यावर बसणारा स्वार. त्याचे नाव पागेच्या हिशेबात सापडले तर सापडते. शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यारे घेऊन चाकरीस येई. त्याच्याशी करार होई, त्याला मोहिमेच्या आधी तयारीसाठी नालबंदी मिळे आणि पुढे हिशेब होऊन बाकी फेडली जाई. काही शिलेदार एकटेच चाकरीस असत, त्यांना एकांडे म्हणत. पथक्या दहा-वीसपासून शेकडो स्वार बाळगी. त्याच्या वर सरंजामदार असे. त्याला मुलूख तोडून दिलेला असे आणि त्या उत्पन्नातील किती रक्कम त्याच्या स्वतःसाठी व किती रक्कम ठरलेल्या संख्येची फौज बाळगण्यासाठी, हे सनदेत वेगळे लिहिलेले असे. पेशव्यांच्या खास फौजेला हुजुरात म्हणत, आणि तिच्यातील माणसांचे कागद साहजिकच पुण्याच्या दफ्तरात अधिक मिळतात.

पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले, पटवर्धन, रास्ते, विंचूरकर किंवा घोरपडे यांपैकी कोणाच्या निसबतीस (हाताखाली) होता, हे कळल्यावाचून पुढे जाण्यात अर्थ नाही. स्वतंत्र शिलेदाराचे नाव लाखो कागदांतून शोधणे अशक्यप्राय आहे. त्याच्या वरच्या माणसाचे पथक शोधणे मात्र शक्य आहे. घरात हे ठाऊक नसेल, तर गावावरून अंदाज बांधावा. अठराव्या शतकात ते गाव, परगणा किंवा जवळचा महाल कोणाच्या सरंजामात होता, हे छापील सनदांवरून बहुधा ठरवता येते, आणि शिलेदार पुष्कळदा आपल्याच भागातील सरंजामदाराकडे चाकरी धरत. हा अंदाजच असतो, हे मात्र टिपणात स्पष्ट लिहून ठेवावे.

काळ ठरवण्याची रीत

कागदावर इसवी सन नसतो. शालिवाहन शक, सुहूर सन (यालाच अरबी सन किंवा मृगसाल म्हणतात), फसली सन, राज्याभिषेक शक आणि हिजरी महिने यांची सरमिसळ असते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो आणि जानेवारीपासून पुढच्या वर्षप्रतिपदेपर्यंत 79 मिळवावे लागतात. सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, बदलतो; तेव्हापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवावे. दख्खनच्या फसलीसाठी हेच आकडे 590 आणि 591 असे आहेत.

सुहूर सन आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहिण्याची पद्धत होती, आणि नवशिका येथेच अडखळतो. एकम स्थान आधी, मग दशम, मग शेकडा आणि शेवटी हजार, असा त्याचा क्रम असतो. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर म्हणजे दहा. अशरीन, सलासीन, आर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन हे वीस ते नव्वद. मया म्हणजे शंभर, मयातैन म्हणजे दोनशे आणि अलफ म्हणजे हजार. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ याची बेरीज 1, 60, 100 आणि 1000 मिळून 1161 होते. हे वर्ष जून 1760 मध्ये सुरू होऊन 1761 च्या मृगापर्यंत चालले, म्हणजे 14 जानेवारी 1761 ची पानिपतची लढाई याच सनात पडते. लेखनिकागणिक या शब्दांची रूपे थोडी बदलतात, पण बेरजेची रीत बदलत नाही.

पत्राच्या तारखेत ‘छ’ हे अक्षर आणि पुढे आकडा आला, की तो हिजरी महिन्याचा चंद्र समजावा. ‘छ 12 रबिलावल’ म्हणजे त्या महिन्याचा बारावा चंद्र. हिजरी दिवस सूर्यास्तापासून सुरू होत असल्याने तारखेत एका दिवसाचा फरक पडू शकतो. हे सगळे जुळवण्यासाठी मोडकांची जंत्री हाताशी ठेवावी. इंग्रजांच्या पत्रांशी मेळ घालायचा असेल, तर सप्टेंबर 1752 पूर्वी त्यांची तारीख अकरा दिवस मागे होती, हेही लक्षात असू द्यावे. मोहिमा साधारणपणे दसऱ्यानंतर निघत आणि पावसाळ्यापूर्वी फौजा परतत किंवा छावणी करून राहत. त्यामुळे पावसाळ्याच्या चार महिन्यांत एखाद्याचे नाव दिसेनासे झाले, तर लगेच तो मेला असे समजू नये.

आधी छापील साधने

दफ्तरखान्यात जाण्यापूर्वी छापून निघालेले कागद संपवावेत, कारण ते बाळबोध (देवनागरी) लिपीत आहेत, बहुतेकांना सूची आहे आणि पुष्कळ खंडांच्या चित्रप्रती संगणकावर विनामूल्य वाचता येतात. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 पासून पुढच्या काही वर्षांत प्रसिद्ध झालेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड हा पहिला थांबा. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या रोजनिशींत सरंजाम, नेमणुका, इनामे आणि बालपरवेशी यांच्या नोंदी आहेत; पूर्वजाच्या शोधात या रोजनिशी लढायांच्या पत्रांपेक्षा अधिक कामाला येतात, असे माझे मत आहे. राजवाडे यांनी 1898 पासून छापलेली साधने पानिपताच्या पत्रव्यवहारासाठी अपरिहार्य आहेत. पूर्वज पटवर्धनांच्या पथकात असेल, तर वासुदेवशास्त्री खरे यांचा ऐतिहासिक लेखसंग्रह ओळीने वाचावा. छावणीतून घरी लिहिलेल्या त्या पत्रांत कोण जखमी झाला, कोणाचे घोडे पडले आणि कोण रजा मागत आहे, अशा बारीक गोष्टीही येतात.

बखरी आणि पोवाडे यांतील पडलेल्यांच्या याद्या सावधपणे वापराव्यात. त्यांतील पुष्कळ मजकूर प्रसंगानंतर बऱ्याच काळाने लिहिला गेला आहे, आणि आश्रयदात्याच्या घराण्याचे नाव घुसवण्याचा मोह लेखकांना आवरलेला नाही. बखरीतील नाव हा माग आहे, पुरावा नव्हे. विसाव्या शतकात छापलेल्या घराण्यांच्या इतिहासांनाही हेच लागू आहे. त्यांत जोडलेल्या मूळ सनदांच्या नकला तेवढ्या घ्याव्यात आणि त्यांच्या भोवतीची प्रौढी सोडून द्यावी.

दफ्तरखान्यात

पुण्याचे पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, ते मुख्य ठिकाण. तेथील कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. रुमालांची संख्या हजारांत आणि कागदांची कोट्यवधींत जाते. त्यांचे शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी, पागा, पथके, जमाव असे वर्ग आहेत. घोडदळातील माणसासाठी पागा आणि पथके हे वर्ग आधी मागावेत. रोजकीर्द ही रोजची नोंदवही असल्याने तारीख ठाऊक असेल तरच तिचा उपयोग होतो. घडणीत तेच व्यवहार माणसांच्या आणि विषयांच्या नावाखाली एकत्र केलेले असतात, म्हणून नाव ठाऊक पण तारीख अज्ञात असेल तेव्हा घडणीकडे वळावे.

अर्जात ‘आमच्या घराण्याचा इतिहास’ असे लिहिल्यास कर्मचाऱ्याला काय काढून द्यावे ते कळत नाही. प्रांत किंवा पथक, अपेक्षित वर्षे आणि कागदाचा वर्ग एवढे तरी लिहावे. ओळखपत्र न्यावे, टिपणासाठी शिसपेन्सिल वापरावी, छायाचित्रांचे आणि नकलांचे नियम आधी विचारून घ्यावेत, आणि रुमाल सोडताना कागदांचा क्रम बदलू देऊ नये. क्रम हाच कित्येकदा पुरावा असतो, कारण एका कागदावर सन नसला तरी त्याच्या मागच्या-पुढच्या कागदांवर असतो.

पुण्याखेरीज मुंबईच्या काळा घोडा भागातील राज्य पुराभिलेखागार, कोल्हापूरचे पुराभिलेखागार, आणि 1910 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील घराण्यांचे दफ्तरसंग्रह पाहावेत. गायकवाडांच्या चाकरीतील माणसासाठी बडोदे, मराठवाड्यातील निजामाच्या बाजूच्या माणसासाठी हैदराबाद आणि राजपुतान्यातील मोहिमांसाठी बिकानेरचे राज्य अभिलेखागार, अशी ठिकाणे वाढत जातात. एकाच वेळी सगळीकडे धावू नये. पथक ठरले की ठिकाणही ठरते.

मोडी शिकणे टाळता येत नाही. वाचकाला पैसे देऊन लिप्यंतर करून घेता येते, पण कोणता कागद वाचून घ्यायचा हे ठरवण्यापुरती तरी मोडी यावी लागते. पुराभिलेख विभाग आणि काही संशोधन संस्था तिचे वर्ग घेतात. मोडीत आधी सबंध ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे लटकवली जातात, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. सुरुवातीला पूर्ण पत्र वाचण्याचा हट्ट धरू नये; पूर्वजाचे नाव, गावाचे नाव आणि पथकाचे नाव मोडीत लिहून ती आकृती डोळ्यांत बसवावी आणि पानावर फक्त तीच शोधावी. संक्षेपांची यादी सोबत ठेवावी: ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘प॥’ म्हणजे परगणे, ‘नि॥’ म्हणजे निसबत, ‘दि॥’ म्हणजे दिम्मत (अमुकाच्या ताब्यातील). हिशेबात मात्र हेच दोन दंड आकड्यापुढे आले तर अर्धा आणि एक दंड आला तर पाव असा अर्थ होतो, म्हणजे ‘45॥’ ही साडेपंचेचाळीस रुपयांची रक्कम आहे. ‘मशारनिल्हे’ हा शब्द आला की वर उल्लेखलेला माणूस समजावा. नाव न दिसता पुढची तीन-चार कलमे आपल्याच माणसाविषयी असू शकतात.

हिशेबातून दिसणारा माणूस

पथकाच्या गणतीचा कागद मिळाला, तर तो घाईने पुढे सारू नये. अशा कागदात स्वाराच्या नावाबरोबर त्याच्या घोड्याच्या रंगाचे आणि खुणांचे वर्णन येते: कुमाईत, सुरंग, समंद, अबलख, पंचकल्याणी. एका वर्षी पूर्वजाच्या नावावर कुमाईत घोडा आहे, दोन वर्षांनी त्याच नावावर अबलख आहे आणि मधल्या वर्षात घोड्याच्या किमतीबद्दल रक्कम खर्ची पडली आहे, एवढ्या तीन नोंदींतून ते घोडे मोहिमेत मेल्याचे आणि सरकारने भरपाई दिल्याचे अनुमान काढता येते. ज्या मुलखात ते पथक त्या हंगामात होते तो मुलूख चिटणिशी पत्रांवरून ठरतो. एरवी कोठेही नाव नसलेल्या माणसाची मोहीम अशी घोड्यामागून सापडते.

मृत्यूची नोंद सरळ ‘कामास आले’ अशा शब्दांत मिळाली तर उत्तमच. ती न मिळाल्यास तीन ठिकाणी तिची सावली शोधावी. पहिले, पथक किंवा सरंजाम बापाच्या नावावरून मुलाच्या, भावाच्या किंवा दत्तकाच्या नावावर गेल्याची सनद. तिच्या आरंभी बहुधा आधीच्या माणसाचे काय झाले ते एका वाक्यात सांगितलेले असते. दुसरे, बालपरवेशी, म्हणजे लढाईत पडलेल्याच्या मुलांच्या पालनासाठी लावून दिलेली नेमणूक किंवा जमीन. तिसरे, घरच्या बायकांनी थकलेल्या रोजमुऱ्यासाठी (पगारासाठी) किंवा हिशेबाच्या बाकीसाठी केलेले अर्ज. या तिन्हींची तारीख मृत्यूनंतरची असते, हे ध्यानात ठेवावे. सनद दोन-दोन वर्षे उशिरा होई, म्हणून तिची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे, तर त्यापूर्वी मृत्यू झाला होता एवढेच तिच्यावरून सिद्ध होते. गणतीतील शेवटची हजेरी ही आधीची मर्यादा आणि सनद ही नंतरची मर्यादा धरून मधल्या काळातील लढाया तपासाव्यात.

पानिपताविषयी विशेष काळजी घ्यावी. छावणीच लुटली गेल्यामुळे त्या मोहिमेतील खालच्या दर्जाच्या माणसांचा शोध आधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या कागदांत घ्यावा लागतो. शिवाय त्या मोहिमेत मेलेला प्रत्येक जण 14 जानेवारीलाच मेला असे नाही. दत्ताजी शिंदे 10 जानेवारी 1760 रोजी, म्हणजे वर्षभर आधी, दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. बाजीरावांचे पुत्र समशेर बहादूर रणांगणातून जखमी अवस्थेत निघाले आणि भरतपूरच्या मुलखात वारले. सरदारांची ही गत, तर शिलेदाराची नेमकी तारीख घराण्याने कशाच्या आधारावर धरली आहे, हे विचारलेच पाहिजे.

मृत्यूच्या नोंदींचा आणखी एक मोठा साठा एकोणिसाव्या शतकातील कागदांत आहे. इंग्रजांनी 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले, तेव्हा इनाम आणि सरंजाम धारण करणाऱ्यांना आपला हक्क कसा उत्पन्न झाला याच्या कैफियती (लेखी हकिकती) आणि वंशावळी द्याव्या लागल्या. ‘आमचे अमुक अमुक स्वारीत पडले, म्हणून हे गाव मिळाले’ अशी सबंध कहाणी तेथे सापडते. ती सांगणाऱ्याला जमीन राखायची होती, म्हणून तिच्यात भर घातलेली असण्याचा संभव आहे. तिच्यासोबत जोडलेली जुनी सनद अधिक विश्वसनीय. गावपातळीवर तलाठी दफ्तरातील गाव नमुना तीन, म्हणजे दुमाला (इनाम दिलेल्या) जमिनींची नोंदवही, आणि तहसील कार्यालयातील जुने इनामाचे कागद पाहिल्यास ती जमीन नेमकी कोणती, हेही कळू शकते.

दहन, दफन आणि स्मारक

मृत्यूचे ठिकाण आणि स्मारकाचे ठिकाण एक असेलच असे नाही. हिंदू स्वाराचे दहन होत असल्याने ‘समाधी’ म्हणजे देह ठेवलेली जागा नव्हे. ती दहनाच्या जागी, अस्थी आणल्या तेथे, किंवा नुसती स्मृती म्हणून मूळ गावी बांधलेली असू शकते. जयाप्पा शिंदे 1755 मध्ये नागोरजवळ मारले गेले. त्यांची छत्री नागोरजवळ ताऊसर येथे आहे आणि पुष्करलाही त्यांचे स्मारक आहे. राणोजी शिंद्यांची छत्री ते जेथे 1745 मध्ये वारले त्या शुजालपूरजवळ, मल्हारराव होळकरांची 1766 मधील मृत्युस्थळी आलमपूरला आणि खंडेराव होळकरांची कुंभेरजवळ आहे. बाजीरावांची समाधी नर्मदाकाठी रावेरखेडीला आहे. मोठ्या माणसांची स्मारके परमुलखात राहिली, कारण त्यांच्या खर्चाची तजवीज करणारी दौलत मागे होती. साध्या पथक्याची परमुलखातील समाधी टिकण्याची शक्यता त्यामानाने थोडी, म्हणून आधी मूळ गावाचा नदीकाठ, जुने महादेवाचे देऊळ आणि वाड्याचे आवार पाहावे.

दफनाचा प्रश्न धर्म आणि पंथ पाहून सोडवावा. मराठा फौजेतील मुसलमान शिलेदारांचे दफन होई. समशेर बहादूर यांची कबर भरतपूरला आहे. अशा पूर्वजासाठी लढाईच्या जवळचा दर्गा, त्याचे मुजावर आणि दर्ग्याला दिलेल्या इनामांच्या सनदा शोधाव्यात. लिंगायत आणि गोसावी यांच्यातही दफनाची रीत आहे, त्यामुळे त्यांच्या मठांच्या आवारातील समाधींची माहिती मठाकडे असण्याचा संभव असतो.

दगड वाचताना फार कल्पना लढवू नये. चौथऱ्यावर शिवलिंग, पादुका, नंदी किंवा तुळशीवृंदावन असणे एवढ्यावरून ती घोडदळाच्या माणसाची ठरत नाही. घोडेस्वाराचे शिल्प असलेले वीरगळ (लढाईत पडलेल्यांचे स्मारकदगड) गावोगावी आहेत, परंतु त्यांपैकी बहुतेक यादव काळाच्या आसपासचे किंवा त्याहून जुने आहेत; पेशवाईतील पूर्वज त्यांवर बसवणे ही सर्रास होणारी चूक आहे. शेजारी काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेली सतीशिळा असेल आणि घराण्यात सतीची आठवण असेल, तर ती वेगळी नोंदवावी. लेख असल्यास सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, राख, तेल किंवा रंग लावू नये, आणि तारेचा ब्रश तर मुळीच वापरू नये. संरक्षित स्मारक असल्यास ठसा घेण्यापूर्वी संबंधित पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. समाधीचे बांधकाम, दिशा, मापे, आसपासचे देऊळ आणि नदीपासूनचे अंतर हेही लिहून ठेवावे, कारण जीर्णोद्धाराच्या नावाखाली फरशी आणि रंग बसल्यावर यांपैकी काहीच उरत नाही.

निनावी समाधीला नाव देणारा सर्वांत भक्कम पुरावा दगडावर नसून पुन्हा हिशेबात असतो. समाधीच्या पूजेसाठी, नैवेद्यासाठी किंवा दिवाबत्तीसाठी गुरवाला किंवा पुजाऱ्याला जमीन तोडून दिलेली असेल, तर त्या इनामाच्या कागदात समाधी कोणाची हे लिहिलेले असते. ती जमीन आजही गुरवाच्या घराण्याकडे असेल, तर त्यांना नम्रपणे विचारावे. आपण जमिनीवर हक्क सांगायला आलो नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगितलेले बरे. कागद नसल्यास निदान मृत्यूचा काळ, बांधकामाची घडण आणि घराण्याची अखंड वहिवाट या तीन गोष्टी जुळल्याशिवाय समाधीवर नावाची पाटी लावू नये. ‘परंपरेनुसार’ एवढा एक शब्द पाटीवर घातला तरी पुढच्या शोधकाची दिशाभूल टळते.

टिपण कसे ठेवावे

प्रत्येक नोंदीसाठी एक वेगळा कागद करावा. त्यावर दफ्तरखाना, वर्ग, रुमाल क्रमांक, मूळ तारीख जशी लिहिली आहे तशी, तिचा इसवी सन, मूळ मजकुराचे अक्षरशः लिप्यंतर आणि त्याखाली आपला अर्थ, असा क्रम ठेवावा. मूळ मजकूर आणि आपला अर्थ एका परिच्छेदात मिसळू देऊ नये. एकाच नावाची दोन माणसे आढळल्यास दोघांची स्वतंत्र पाने करावीत आणि बापाचे नाव किंवा गाव जुळेपर्यंत ती एकत्र करू नयेत. न सापडलेल्या गोष्टींचीही नोंद करावी. पथकाच्या कोणत्या वर्षांचे रुमाल पाहिले आणि त्यांत नाव नव्हते, हे लिहून ठेवले नाही तर पाच वर्षांनी तेच रुमाल पुन्हा सोडले जातात. घरी मूळ सनद किंवा पत्र निघाल्यास त्याला चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकच्या आवरणात कायमचे बंद करू नये; त्याचे स्वच्छ छायाचित्र काढून एक प्रत पुराभिलेखागाराला किंवा इतिहास संशोधक मंडळाला द्यावी, म्हणजे त्याच पथकातील दुसऱ्या शिलेदाराचा वंशज शोध घेऊ लागेल तेव्हा तो कागद त्याच्याही हाती पडेल.